पूरपाहणीच्या ड्रोन-उड्डाणांची नोंद ब्लॉकचेनवर ठेवण्यात अर्थ आहे का?

प्रश्न : कसबा बावड्याचा ड्रोनचालक

नमस्कार मंडळी. मी कसबा बावड्यात राहतो आणि गेली काही वर्षे ड्रोनने शेतमोजणी, उसावरची फवारणी आणि पावसाळ्यात पूरपाहणी अशी कामे करतो. माझ्याकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र आहे आणि दोन्ही ड्रोनना विशिष्ट ओळख क्रमांक मिळालेले आहेत. प्रश्न लांब आहे, पण पार्श्वभूमी सांगितल्याशिवाय तो नीट मांडता येणार नाही.

आम्ही चार-पाच ड्रोनचालक आणि शहरातले दोन अभियंते मिळून महानगरपालिका व आसपासच्या ग्रामपंचायतींसाठी सामाईक ड्रोनसेवेचे टिपण तयार करत आहोत. केंद्राच्या स्मार्ट सिटी अभियानातील शंभर शहरांत पुणे व सोलापूर होते, कोल्हापूर नव्हते. त्यामुळे त्या निधीतून उभी राहिलेली नियंत्रणकेंद्रे आपल्याकडे नाहीत. तरीही गरज मोठी आहे. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका, हे इथल्या लहान मुलालाही पाठ आहे. २०१९ मध्ये ती ५५ फुटांच्या आणि २०२१ मध्ये ५६ फुटांच्या पुढे गेली. अशा वेळी कोणत्या गल्लीत पाणी शिरले, कोणता रस्ता बंद झाला, कुठे औषध पोहोचवायचे, हे ड्रोनने दहा मिनिटांत कळते. पाऊस नसताना जयंती नाल्याची आणि रंकाळ्यातील जलपर्णीची पाहणी, कचरा डेपोचे मोजमाप अशी कामेही होऊ शकतात.

आता मुद्द्याचे सांगतो. मागे एका पावसाळ्यात नदीकाठच्या एका गावासाठी मी उसाच्या पाण्याखालील क्षेत्राचे ४१२ फोटो काढले. त्यात एका शेतकऱ्याचे अठ्ठावीस गुंठे होते आणि शेंड्यापर्यंत पाणी स्पष्ट दिसत होते. फोटो लॅपटॉपवर उतरवले, जोडून नकाशा केला, काही फोटो व्हॉट्सॲपने गावात पाठवले. पुढे ते फोटो जेव्हा एका कार्यालयात दाखवले गेले, तेव्हा समोरून एकच प्रश्न आला: हे फोटो याच वर्षीचे आहेत, हे कशावरून? व्हॉट्सॲपमधून गेलेल्या फोटोंतील तारीख व स्थान पुसले गेले होते, आणि जोडलेल्या नकाशाच्या फाइलवर तारीख होती ती दहा दिवसांनंतरची. मूळ कार्ड मी दरम्यान दुसऱ्या कामासाठी पुसले होते. त्या शेतकऱ्याने माझ्याकडे पाहिले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही. तो क्षण माझ्या मनातून गेलेला नाही, आणि हा प्रश्न विचारण्याचे खरे कारण तेच आहे.

आमच्यातील एका अभियंत्याचा आग्रह आहे की टिपणात ब्लॉकचेन हवे: उड्डाणाची परवानगी, चालकाची ओळख, ड्रोनचा मार्ग, फोटो, सगळे साखळीवर जावे आणि पैसेही आपोआप मिळावेत. दुसऱ्याचे म्हणणे असे की साधा सर्व्हर पुरेसा आहे. मला विचारायचे आहे ते असे: माझ्या हातून घडले तसे पुन्हा घडू नये यासाठी ब्लॉकचेनचा खरोखर उपयोग होतो का, आणि होत असेल तर त्यावर नेमके काय ठेवावे?

उत्तर १ : संगणकाची शिक्षिका

दादा, प्रश्न फार चांगल्या प्रकारे मांडला आहे. मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना वितरित प्रणाली हा विषय शिकवते. आपल्या अभियंता मित्रांपैकी दोघेही अर्धे बरोबर आहेत असे माझे मत आहे.

ब्लॉकचेन ही मुळात एक वही आहे. जुन्या कीर्दीत, म्हणजे रोजच्या हिशेबाच्या वहीत, प्रत्येक पानाची बेरीज पुढच्या पानाच्या डोक्यावर ‘मागील पानावरून’ म्हणून येत असे, त्यामुळे मधल्याच पानावरचा आकडा कोणी बदलला तर पुढची सगळी पाने चुकत. इथे बेरजेच्या जागी हॅश असतो. एसएचए-२५६ ही पद्धत कितीही मोठ्या फाइलमधून २५६ बिटांचा, म्हणजे केवळ ३२ बाइटांचा ठसा काढते; फोटोतला एक ठिपका बदलला तरी ठसा ओळखू येणार नाही इतका बदलतो, आणि ठशावरून मूळ फोटो परत तयार करता येत नाही. प्रत्येक ब्लॉकमध्ये, म्हणजे या वहीच्या पानात, आधीच्या ब्लॉकचा ठसा असतो. इतके काम एकट्या सर्व्हरवरही करता येते. फरक पडतो तो या वहीच्या प्रती अनेकांकडे असतात आणि नवे पान पुरेशा सदस्यांच्या संमतीने जोडले जाते यामुळे.

आपल्या गुळाच्या बाजाराचे उदाहरण घ्या. अडत्याकडे कीर्द असते आणि शेतकऱ्याच्या हातात पट्टी, म्हणजे विक्रीची पावती, असते. दोघांकडे कागद आहे म्हणून वाद मिटतो. पट्टीच दिली नाही, तर अडत्याची कीर्द कितीही सुवाच्य असली तरी शेतकऱ्याला तिचा आधार नसतो. ब्लॉकचेन हवे की नको, याचे उत्तर मी नेहमी याच कसोटीवर देते: एकमेकांवर पूर्ण विश्वास नसलेले, तरीही एकाच नोंदीवर अवलंबून असलेले किती पक्ष आहेत? आपल्या कामात ते भरपूर आहेत. महानगरपालिका, महसूल, पाटबंधारे, ग्रामपंचायत, विमा कंपनी, ड्रोनचालक आणि ज्याचे नुकसान झाले तो शेतकरी किंवा घरमालक. यांपैकी कोणा एकाच्या सर्व्हरवर वही ठेवली, तर उरलेल्यांना त्याच्या शब्दावर विसंबावे लागते. म्हणून इथे ब्लॉकचेनला जागा आहे.

आता त्याची जागा कुठे नाही, तेही सांगते, कारण याच ठिकाणी बहुतेक टिपणे फसतात. ड्रोनचे प्रत्यक्ष उड्डाण, टक्कर टाळणे, हवाई वाहतुकीशी समन्वय या गोष्टी साखळीवर अजिबात ठेवू नयेत. बिटकॉइनच्या साखळीत नवा ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी जोडला जातो. सेकंदाला दहा मीटर वेगाने जाणारा ड्रोन तेवढ्या वेळात सहा किलोमीटर जातो. मर्यादित सदस्यांच्या साखळ्या पुष्कळ वेगवान असतात, काही सेकंदांत नोंद होते. परंतु समोर तार आली आहे हे कळायला काही सेकंदही फार झाले. शिवाय २०१९ च्या महापुरात बचावकार्यासाठी हेलिकॉप्टर उडत होती हे आपण सर्वांनी पाहिले आहे. अशा वेळी सगळे ड्रोन तत्काळ खाली आले पाहिजेत, आणि तो निरोप फोनवरून किंवा रेडिओवरूनच जायला हवा.

परवानगीचेही तसेच आहे. २५ ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हवाई क्षेत्राचे हिरवे, पिवळे आणि लाल असे भाग सरकारच्या डिजिटल स्काय मंचावरील नकाशात दाखवलेले असतात. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवे क्षेत्र धरले जाते, त्याच्या वर पिवळे, आणि पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. उजळाईवाडीचे विमानतळ शहराच्या इतके जवळ आहे की आपल्या उड्डाणांआधी हा नकाशा पाहावाच लागतो. आपली साखळी ही परवानगी देऊ शकत नाही. मिळालेल्या परवानगीची नोंद तेवढी ठेवू शकते. टिपणात हे स्पष्ट शब्दांत लिहा, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की आपण समांतर परवाना-कार्यालय काढत आहात.

फोटोही साखळीवर ठेवू नयेत. एका उड्डाणाचे चारशे-पाचशे फोटो काही गिगाबाइट होतात. प्रत्येक सदस्याकडे त्याची प्रत ठेवायची म्हटले तर एका पावसाळ्यात यंत्रणा कोलमडेल. फोटो साध्या साठ्यात राहू द्या आणि साखळीवर केवळ ठसे ठेवा. तेही ५०० वेगवेगळे नकोत. सर्व ठशांचा जोडीजोडीने पुन्हा ठसा काढत गेले की शेवटी एकच ठसा उरतो. याला मर्कल वृक्ष म्हणतात. साखळीवर तो ३२ बाइटांचा एकच ठसा गेला तरी पुढे कधीही, ‘अमुक फोटो याच संचातला आहे’ हे सिद्ध करायला फक्त नऊ मधले ठसे दाखवावे लागतात, कारण नऊ वेळा दुप्पट केले की ५१२ होतात. याचा मोठा लाभ असा की एका शेतकऱ्याचा फोटो सिद्ध करताना शेजाऱ्याचे फोटो उघडे करावे लागत नाहीत.

तंत्राची निवड करताना हायपरलेजर फॅब्रिकसारखी, ओळखीच्या सदस्यांपुरती मर्यादित साखळी घ्यावी असे मी सुचवेन. तिला आभासी नाणी लागत नाहीत आणि वीज जाळणारे ‘खाणकाम’, म्हणजे नवा ब्लॉक जोडण्यासाठी संगणकांनी करायची अवाढव्य आकडेमोड, हीही लागत नाही. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी मंत्रालयाने ४ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रीय ब्लॉकचेन आराखडा जाहीर केला. त्यातील ‘विश्वस्य’ ही सेवा भुवनेश्वर, पुणे आणि हैदराबाद येथील सरकारी डेटा केंद्रांवर चालते. सरकारी कामासाठी तिचा विचार आधी करावा. सदस्यसंख्या ठरवताना एक गणित लक्षात असू द्या: खोटे बोलणारा एक सदस्य सहन करायचा असेल तर किमान चार सदस्य लागतात, दोन सहन करायचे असतील तर सात. राफ्ट नावाची जी सोपी संमतीपद्धत अनेक जण वापरतात, ती बंद पडलेले यंत्र (सदस्याचा संगणक) सहन करते, खोटे बोलणारे यंत्र नाही. हा फरक कंत्राट देताना सहसा कोणी विचारत नाही, आपण विचारावा.

राहिला आपला मूळ प्रश्न, ‘याच वर्षीचे कशावरून’. इथे सावध राहा. साखळीवरील ठसा सांगतो की फोटो त्या क्षणी *अस्तित्वात होता*. म्हणजे तो नंतर बनवलेला नाही. पण तो गेल्या वर्षीचा जुना फोटो नाही, हे ठसा सांगत नाही. त्यासाठी उलट बाजूची खूण लागते. पूर्वी हातात त्या दिवसाचे वर्तमानपत्र धरून फोटो काढत असत, त्यातले तत्त्व हेच. उड्डाणाआधी साखळीवरील सर्वांत ताज्या ब्लॉकच्या ठशाची पहिली दहा-बारा अक्षरे पाटीवर ठळक लिहा, ती पाटी बांधावर ठेवा आणि पहिला फोटो तिचा घ्या. ती अक्षरे आदल्या दिवशी कोणालाच माहीत असू शकत नाहीत. पुढचे सगळे फोटो त्याच सलग उड्डाणातील आहेत हे ड्रोनच्या नोंदफाइलवरून दिसते. त्या फाइलचा ठसाही संचात घाला. मग आपला फोटो दोन ब्लॉकच्या मध्ये पकडला जातो: याच्या आधीचा नाही आणि त्याच्या नंतरचाही नाही.

उत्तर २ : निवृत्त तलाठी, शिरोळ

मॅडमनी पट्टीचे उदाहरण दिले, ते मला फार पटले. मी तीस वर्षे महसूल खात्यात काढली आणि २००५ सालापासूनच्या पुरांचे पंचनामे स्वतःच्या हाताने लिहिले आहेत. संगणकातले मला फारसे कळत नाही, त्यामुळे मी पंचनाम्याच्या बाजूने लिहितो.

पिकाच्या नुकसानीला मदत मिळण्यासाठी ३३ टक्के किंवा त्याहून अधिक नुकसान झालेले असावे लागते. सगळा वाद या आकड्याभोवती फिरतो. पाहणाऱ्याने तीस लिहिले तर शेतकऱ्याच्या हाती काही नाही आणि पस्तीस लिहिले तर मदत मिळते. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून शिवारात जातात; पण कुरुंदवाड, नृसिंहवाडीच्या बाजूला पाणी आठ-दहा दिवस हटत नाही, आणि हटल्यावर बांधही ओळखू येत नाहीत. अशा वेळी पाणी असताना वरून काढलेला फोटो आमच्या हाती असता तर किती भांडणे टळली असती, हे मला आजही वाटते.

तथापि, ड्रोनचालक दादांना मी एक गोष्ट कळकळीने सांगेन. वरून दिसते ते पाणी, नुकसान नव्हे. उसाच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या गाभ्यात, गाळाचे पाणी शिरले तर ऊस कुजतो, आणि शेंडा पाण्यावर राहिला तर पुष्कळदा तगतो. पण हे पहिल्या दिवशी कळत नाही. पाणी ओसरल्यावर दहा-पंधरा दिवसांनी पोंगा ओढून पाहावा लागतो. तो अलगद हातात आला आणि त्याला वास आला, की तो ऊस गेला. म्हणून ‘पाणी अमुक फुटांवर गेले, फोटो साखळीवर आला, की भरपाई आपोआप खात्यावर’ अशी योजना कोणी मांडत असेल तर तिला माझा विरोध आहे. त्यात ज्याचा ऊस वरवर हिरवा दिसतो पण आतून मेला आहे तो वंचित राहील. चालकाची मजुरी नोंद होताच आपोआप मिळाली तर त्याला माझी हरकत नाही.

आणि एक विचारतो. सदस्यांची यादी मॅडमनी दिली, त्यात शेतकऱ्याचे नाव शेवटी आले. वहीची प्रत त्याच्याकडे कशी राहणार? सगळ्या प्रती कार्यालयांतच राहणार असतील, तर चार कार्यालयांनी मिळून ठेवलेली वही आणि एका कार्यालयाने ठेवलेली वही यांत त्या माणसाच्या दृष्टीने काय फरक पडला? पंचनाम्यावर पंचांच्या सह्या घेण्यामागचा हेतू असा होता की गावातल्या चार माणसांना काय लिहिले ते ठाऊक असावे. कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या जाऊ लागल्या, तेव्हा तो हेतू संपला. नव्या यंत्रणेत तसे होऊ देऊ नका.

कसबा बावड्याचा ड्रोनचालक

मॅडम, काका, दोघांचेही मनापासून आभार. पाटीची युक्ती मी आमच्या गटाला सांगितली आणि सगळ्यांना ती लगेच समजली. काकांचा प्रश्न मात्र मला रात्रभर सतावत राहिला. आम्ही आखलेल्या आराखड्यात शेतकऱ्यासाठी केवळ ‘संकेतस्थळावर पाहण्याची सोय’ होती. ती प्रत नव्हे, हे आता लक्षात आले.

उत्तर ३ : उद्यमनगरचा कारागीर

मी ड्रोन दुरुस्त करतो, त्यामुळे जमिनीवरच्या अडचणी थोडक्यात मांडतो. महापुरात वीज जाते आणि मोबाइलचे मनोरेही बंद पडतात. म्हणजे ज्या दिवशी नोंद सर्वांत गरजेची, त्याच दिवशी साखळीशी संपर्क नसणार. ठसे जागेवर काढून ठेवायचे आणि संपर्क आल्यावर चढवायचे, ही सोय पहिल्या दिवसापासून हवी. पाटीवर लिहायचा ब्लॉकही अशा वेळी शेवटचा मिळालेला घ्यावा लागेल, तो काही तासांपूर्वीचा असला तरी चालेल.

दुसरे म्हणजे घड्याळ. माझ्याकडे आलेल्या एका कॅमेऱ्याची बॅटरी पूर्ण उतरल्याने त्याची तारीख कारखान्यातल्या मूळ तारखेवर गेली होती आणि मालकाने तशाच स्थितीत दोन दिवस काम केले. अशी चुकीची तारीख साखळीवर गेली की ती कायमची गेली. उड्डाणाआधी कॅमेऱ्याचे घड्याळ उपग्रहाच्या वेळेशी ताडून पाहा आणि तसे केल्याची नोंदही करा. सामान्य ड्रोन पावसात उडत नाहीत, जोराच्या वाऱ्यात पंचवीस मिनिटांची बॅटरी पंधरा मिनिटांतच खाली येते. त्यामुळे ‘फोटो नाही म्हणजे पूर नव्हता’ असा अर्थ कोणी काढणार नाही, हे नियमात लिहून घ्या. ही शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

उत्तर ४ : वकील, शाहूपुरी

चर्चा वाचून आनंद झाला. कायद्याच्या अंगाने काही मुद्दे जोडतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात दाखल करताना पूर्वी जुन्या पुरावा कायद्याच्या ६५ब कलमाखाली जे प्रमाणपत्र लागे, ते आता कलम ६३ खाली लागते. त्याचा नमुना अधिनियमाच्या अनुसूचीत दिलेला आहे. त्याचे दोन भाग आहेत: पहिला नोंद सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा. दोन्हींत फाइलचा हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला, हे लिहावे लागते आणि एसएचए-२५६ हा पर्याय त्यात छापलेलाच आहे. म्हणजे मॅडम ज्याला ठसा म्हणत आहेत, तो कायद्याने मागितलेलाच आहे. साखळी असो वा नसो, दादांनी उद्यापासून प्रत्येक उड्डाणानंतर ठसा काढून ठेवावा. विंडोजमध्ये सर्टयुटिल नावाची आज्ञा त्यासाठी आधीपासूनच असते. वेगळा खर्च नाही.

परंतु साखळीवर आहे एवढ्यावरून कोणतीही नोंद आपोआप सिद्ध होत नाही. अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने हे प्रमाणपत्र आवश्यक ठरवले, आणि मूळ उपकरणच मालकाने साक्षीला येऊन हजर केले तर ते लागत नाही असेही स्पष्ट केले. तो निकाल जुन्या कायद्याखालचा असला तरी त्यातून घ्यायचा धडा आजही उपयोगी आहे: मूळ मेमरी कार्ड पुसू नका. ते पाकिटात घालून, पंचांच्या सह्या घेऊन, मोहोर लावून ठेवा. कार्ड दोन-पाचशे रुपयांना मिळते, आणि अठ्ठावीस गुंठ्यांच्या उसापुढे ती किंमत काहीच नाही.

खासगीपणाचा मुद्दा चर्चेत ओझरताच आला. पेठांतील घरांवरून ड्रोन गेला की गच्ची, अंगण, वाळत घातलेले कपडे, माणसे असे सगळे टिपले जाते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमाने व्यक्तीला आपली माहिती पुसून घेण्याचा अधिकार दिला आहे, आणि साखळीवरून काही पुसता येत नाही. म्हणून नाव, फोन, आधार यांतील काहीही साखळीवर जाता कामा नये. गट क्रमांकाचा नुसता ठसा ठेवू असे कोणी म्हणेल, पण गावात गट असतात काहीशे. सर्वांचे ठसे काढून जुळवून पाहणे हे मिनिटभराचे काम आहे. ठसा काढण्याआधी त्यात एक गुप्त यादृच्छिक आकडा मिसळावा आणि तो साखळीबाहेर ठेवावा. उद्या मूळ माहिती व तो आकडा पुसला, की साखळीवर उरलेल्या अक्षरांतून कोणाचीही ओळख पटत नाही.

काकांच्या प्रश्नाबद्दल एक जवळचे उदाहरण देतो. दुकानाचे एसएमएस पाठवण्यासाठी आपल्याकडचे व्यापारी डीएलटी नोंदणी करतात. ती व्यवस्था दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या विनियमांतून आली आणि ती वितरित खातेवहीवरच, म्हणजे ब्लॉकचेनच्याच घराण्यातल्या तंत्रावर, चालते. वहीच्या प्रती असतात त्या दूरसंचार कंपन्यांकडे. ज्याच्या फोनवर नको असलेले संदेश येतात त्या ग्राहकाकडे त्यातले एकही पान नसते. मार्च २०२१ मध्ये नियम कडक होताच जुळणी न झाल्याने बँकांचे ओटीपीही अडले आणि अंमलबजावणी काही दिवस थांबवावी लागली; तेव्हा कुठे अशी वही आहे हे सामान्य माणसाला कळले. वितरित असणे आणि लोकांच्या हातात असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उत्तर ५ : संगणकाची शिक्षिका

काकांनी विचारलेला प्रश्न मी आधीच्या उत्तरात सोडून दिला होता, ती माझी चूक झाली. प्रत्येक शेतकऱ्याने यंत्र चालवणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. दोन गोष्टी मात्र करता येतात. नदीकाठच्या काही ग्रामपंचायतींनी मिळून स्वतःचे एक यंत्र चालवावे आणि त्यांना संमतीत पूर्ण मत असावे. आणि उड्डाण संपताच बांधावरच शेतकऱ्याला कागदाची पट्टी द्यावी: तारीख, वेळ, ड्रोनचा ओळख क्रमांक, संचाचा ६४ अक्षरी ठसा, आणि तोच ठसा क्यूआर कोडच्या रूपात. बसच्या तिकिटासारखे छोटे छपाईयंत्र बॅटरीवर चालते. फोटो पुढे कोणाकडेही गेले, तरी त्या पट्टीवरच्या अक्षरांशी ते जुळले नाहीत तर शेतकरी ‘हा माझा फोटो नाही’ असे ठामपणे म्हणू शकेल. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्यालाही ही पट्टी कपाटात ठेवता येते.

ठशाने स्थान खरे ठरत नाही, हेही जोडते. उपग्रहाचा संकेत फसवता येतो, आणि खोटे स्थान साखळीवर गेले तर ते प्रामाणिकपणे जपलेले खोटे ठरते. त्यामुळे पंचांची उपस्थिती काढून टाकू नका. फोटोच्या चौकटीत देऊळ, पाण्याची टाकी, विजेचा खांब अशी ओळखीची स्थिर खूण येईल अशी सवय लावा, आणि त्या तासाची राजाराम बंधाऱ्यावरील पातळीही नोंदीत घ्या.

कसबा बावड्याचा ड्रोनचालक

सर्वांच्या सूचना घेऊन आम्ही टिपण नव्याने लिहिले. ‘ब्लॉकचेन-आधारित स्मार्ट ड्रोनसेवा’ हे शीर्षक काढून ‘पूरपाहणीची सामाईक नोंदवही’ असे केले. उड्डाणाची परवानगी आणि हवाई समन्वय आहे त्या यंत्रणेकडेच राहील. साखळीवर संचाचा ठसा, उड्डाणाच्या नोंदफाइलचा ठसा, ड्रोनचा क्रमांक, वेळ आणि बंधाऱ्यावरील पातळी एवढेच जाईल. आपोआप पैसे देण्याचा भाग चालकाच्या मजुरीपुरता ठेवला आहे. फोटो नसणे हा नुकसान नसल्याचा पुरावा मानू नये, हे वाक्य पहिल्याच पानावर घेतले आहे.

काल नदीकाठी चाचणी घेतली. पाटीवर खडूने लिहिलेली अक्षरे शंभर फुटांवरून वाचता येत नव्हती, म्हणून काळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगाने वीतभर उंचीची अक्षरे काढली. तीस फुटांवरून पहिला फोटो घेऊन मग ड्रोन वर नेला. ३८६ फोटोंचे ठसे लॅपटॉपवर काढायला दोन मिनिटेही लागली नाहीत. छपाईयंत्राची पट्टी मात्र ओल्या हाताने धरल्यावर काळी पडली. तो कागद उष्णतेने उमटणारा असल्याने वर्षभरात पुसटही होईल असे दुकानदाराने सांगितले. शाईने छापणारे आणि बॅटरीवर चालणारे यंत्र कोणाच्या माहितीत आहे का?

निवृत्त तलाठी, शिरोळ

यंत्र मिळेपर्यंत कार्बन कागद घालून हाताने लिहा. चौसष्ट अक्षरे आहेत, आठ-आठच्या आठ ओळी होतील, आणि पंचाने मोठ्याने वाचून ताळा पाहावा. मूळ प्रत शेतकऱ्याला द्या, दुसरी ग्रामपंचायतीत ठेवा. पुढच्या पावसाळ्याआधी गावात सराव घेणार असाल तर मला कळवा, मी येईन.